शेकमावशीचं अंथरूण

न्यायाधीशसाहेब, माझ्या बहिणीनं काही केलेलं नाही हे माहीत असूनही तुम्ही तिला तुरुंगात ठेवलंय. पहिल्या वेळी तुमची चूक झाली म्हणा. तेव्हा चूक आमच्या सगळ्या गल्लीचीच झाली होती. पण आता ती चूक राहिलेली नाही. माझ्या दाजींना कुणी मारलं हे तुम्ही भर कोर्टात स्वतःच्या कानांनी ऐकलंत, आणि ऐकून समोरचा पाण्याचा पेला उचललात, सावकाश प्यायलात. मी समोरच बसले होते. तुमचा गळा हलताना मी पाहिला.

शेकमावशीच्या गोष्टी आता लोक चवीनं सांगतात. वर्तमानपत्रवाल्यांनी तिची पार चेटकीण करून टाकली. तिच्या डोळ्यांत म्हणे आग होती. कसली आग? तिला मोतीबिंदू होत आला होता, सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची. ती कोण होती, तिनं काय केलं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत, हे मी सांगते. आमच्या गल्लीतून सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी गल्लीत पाय ठेवलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या बायका भिंतीला चिकटवायचा कागद करतात. वेली, पानं, पक्षी असलेला. तुमच्या दिवाणखान्यातही असेल. त्यातलं हिरवं आम्ही भरतो. लांब टेबलावर कागद ताणायचा, त्यावर खळ फिरवायची, चाळणीतून रंगाची पूड पाडायची, मऊ कुंच्यानं बसवायची आणि उरलेली झटकून टाकायची. झटकलेली जाते कुठे? हवेत, तिथून नाकात. तोंडाला फडकं बांधतो आम्ही. संध्याकाळी फडकंही हिरवं आणि तोंडही हिरवं. नखांत बसलेला रंग तर लग्नाच्या दिवशीसुद्धा निघत नाही. गावात आम्हाला पोपट म्हणतात. भोंगा झाला की कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडतो, "पोपट सुटले रे!" आम्हीही हसतो. नव्या पोरीला पहिली ओकारी झाली की जुन्या बायका टाळ्या वाजवतात, "आली गं बाई, पिंजऱ्यात आली!"

त्या पुडीत सोमल असतो. सोमल म्हणजे विष. मालकाला ठाऊक, मुकादमाला ठाऊक, कारखान्याच्या डॉक्टरला तर ठाऊकच. आम्हालाही ठाऊक, पण पगार तिथूनच येतो म्हटल्यावर माणूस ठाऊक असलेलं विसरायला शिकतं. नाकाच्या कडेला फोड येतात, केस गळतात, पोटात पीळ पडतो. त्याला आम्ही हिरवं पोट म्हणतो, सर्दीपडसं म्हणावं तसं. कुणी त्यातून उठतं, कुणी जातं. गेलं की डॉक्टर येतो, उंबऱ्याबाहेरूनच बघतो, "पोट नाजूक होतं," म्हणतो आणि हॅट डोक्यावर ठेवतो. आत येऊन नीट बघितलं तर काय सापडेल ते त्याला माहीत होतं. म्हणून तो वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

ज्या गल्लीत विषानं मेलेल्या माणसाकडे बघायचंच नाही असं ठरलेलं, त्या गल्लीत आणखी कुणी थोडं विष घातलं तर कोणाला कळणार, साहेब?

आमच्याकडे सगळी कामाला जाणारी. आजारी माणसाजवळ बसायला कुणी नसतं. म्हणून बसणारी बाई ठेवायची. तिची रीत ठरलेली होती. माणूस आजारी आहे तोवर बसणारीला चुलीजवळ अंथरूण आणि दोन वेळचं पोटभर खाणं. माणूस उठून कामाला लागला की बाईनं आपलं बोचकं उचलायचं. माणूस गेला तर मात्र घर सावरेपर्यंत तिनं राहायचं, आणि मग कुणीतरी तिला पुढचं घर सांगायचं. या रितीत वाईट काय आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अजूनही मी विचार करते तेव्हा मला ती रीत चांगलीच वाटते, आणि त्याचाच राग येतो.

शेकमावशी आली तेव्हा मी कारखान्यात नुकती लागले होते. थोराड हाडाची, गोल चेहऱ्याची, बोलता बोलता खळखळून हसणारी बाई. विटा चुलीत तापवायची, जुन्या लोकरीच्या कापडात गुंडाळायची आणि दुखणाऱ्या पोटावर अशा ठेवायची की माणूस झोपेतच सुस्कारा सोडायचा. म्हणून ती शेकमावशी. लहानपणीच तिला एका मोठ्या घरात कामाला ठेवलं होतं. तिथली म्हातारी अंथरुणाला खिळली, तेव्हा हिला तिच्या पायथ्याशी गादी मिळाली. म्हातारी बरी झाली आणि हिची रवानगी परत लाकडं ठेवायच्या खोलीत. पुढे लग्न झालं. नवरा गवंडी होता, तो पोटदुखीनं गेला. त्याच्या मागोमाग दिरानं हिचं बोचकं दारात आणून ठेवलं. हे सगळं ती हसत सांगायची. "माझं घर गोगलगाईचं गं, पाठीवर असतं. फक्त गोगलगाईला आत शिरता येतं, मला तेवढं जमत नाही."

आम्ही हसायचो. काय हसायचो!

तिच्यासारखी सेवा कुणाला जमली नाही, हे मी आजही म्हणते. ती आजाऱ्याचे केस विंचरायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलून द्यायची, घाणीला नाक मुरडायची नाही. माणूस गेला तर शेवटच्या आंघोळीचं पाणीसुद्धा कोमट करून घ्यायची. "गार पाणी कशाला त्याच्या अंगावर," म्हणायची. तिच्यासाठी गल्लीत भांडणं व्हायची. एकदा नळावर दोघींची जुंपली.

"मावशी आमच्याकडे यायचीय आधी. आमच्या सासूबाई पडल्यात."

"पडल्यात? सकाळी तर माझ्याशी भांडत होत्या!"

"मग? उद्या पडतील! माझ्या सासूला मी ओळखत नाही का?"

त्या सासूबाई खरंच पडल्या. मावशी गेली त्यांच्याकडे. आधी उतार पडला, उठून बसल्या, सुनेला पुन्हा बोलायला लागल्या. आणि मग एकाएकी उलट्या. गेल्या. असंच व्हायचं. कोळसेवाला बरा होता होता गेला. पायऱ्यांवर राहणाऱ्या दोघी बहिणी बऱ्या होता होता गेल्या. "बरं होता होता गेला" हे आमच्याकडे बोलण्यातच येऊन गेलं होतं. घरमालकानं पन्हळ दुरुस्त करायचं कबूल करून अर्धवट सोडलं तरी आम्ही म्हणायचो, "बरं होता होता गेलं."

कुणालाही ते विचित्र वाटलं नाही. हिरवं पोट आहे, ते असंच करतं.

आता दाजींचं. माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा घड्याळजी होता. कारखान्याशी त्यांचा संबंध नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग, समोर उघडी घड्याळं. सबंध गल्लीत स्वच्छ हातांचा तेवढा एकच माणूस. त्यांच्या थोरल्या भावाला हे लग्न पटलं नव्हतं. "पोपटीण आणलीस घरात," असं तो दाजींच्या तोंडावर म्हणाला होता. दाजी म्हणाले होते, "दादा, घड्याळांच्या टिकटिकीत कुणीतरी बोलणारं हवं ना."

त्या थंडीत दाजींची छाती भरली. ताईला सुट्टी मिळेना, म्हणून तिनं मावशीला बोलावलं. मावशीनं चुलीजवळ अंथरूण टाकलं. छाती हळूहळू मोकळी झाली. दाजी भिंग मागायला लागले, ताईची चेष्टा करायला लागले. मावशी हसून म्हणाली, "झालं! आता हा मला हाकलणार." दाजी म्हणाले, "छे हो मावशी, राहा की आणखी चार दिवस."

त्यानंतर उलट्या सुरू झाल्या.

ताईनं उलटी पाहिली आणि ती जागच्या जागी थिजली. हिरवं पोट ती ओळखत होती. पण दाजी तर कारखान्यात जात नव्हते. मग हे घरात आणलं कुणी? तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं. कागदवाल्या बाईच्याच डोक्यात येईल असला विचार तिच्या डोक्यात आला, आणि एकदा आला तो गेलाच नाही. ती अंगणात कपडे बदलून मग घरात यायला लागली. राख आणि धुण्याचा सोडा लावून हात घासायची. कातडी सोलवटली, रक्त आलं, नखांतलं हिरवं तसंच. शेवटी मी समोर असताना ती मावशीला म्हणाली, "मावशी, आजपासून त्यांच्या ताटाला, पेल्याला, कशालाच मी हात लावणार नाही. चूल तुझ्या ताब्यात. तुझ्या हातचंच दे त्यांना सगळं."

मावशीनं बाहीनं डोळे पुसले. "अगं, वेडी आहेस का तू पोरी? बरं, बरं. दे इकडे ते भांडं."

दाजी मला म्हणाले, "बघ, तुझी ताई मला भिंतीवरचं घड्याळ समजते. लांबून बघते, हात काही लावत नाही." तेव्हा त्यांना धड बसताही येत नव्हतं.

ते गेले. ताई त्यांच्या अंथरुणाला टेकून सगळ्यांदेखत रडली, "माझ्याच हातांनी गेले हो, माझ्याच हातांनी."

डॉक्टर उंबऱ्यापर्यंत आला आणि "पोट नाजूक" म्हणणार तेवढ्यात दाजींचा थोरला भाऊ मधे पडला. "माझा भाऊ तुमच्या कारखान्यातला नव्हता. आत जा आणि बघा." तेव्हा प्रथमच कुणीतरी आत जाऊन बघितलं. सोमल निघाला. ताईची नखं सगळ्यांना दिसतच होती, आणि तिचं वाक्य पन्नास जणांनी ऐकलेलं. तुमच्या शिपायांना आणखी काय पाहिजे?

खटला तुमच्यापुढे चालला. तुम्हाला आठवत नसेल म्हणून आठवण करून देते. सरकारी वकिलानं डॉक्टरला विचारलं, "या रंगात माणूस मारण्याइतका सोमल असतो का?" डॉक्टर म्हणाला, असतो. आमच्या वकिलानं, तो बिचारा नवशिक्या होता, त्यानं उठून विचारलं, "मग दिवसभर त्यात काम करणाऱ्या बायकांचं काय होतं?" डॉक्टर म्हणाला, काहीच होत नाही, रंग निर्धोक आहे. एकाच तोंडानं, एकाच दमात! दिवसभर छातीत भरून घेतला तर निर्धोक, आणि नखाच्या कडेनं नवऱ्याच्या पेल्याला लागला तर जीवघेणा. मी उठून ओरडले, "अहो, दोन्ही कसं खरं असेल?" तुम्ही मला बाहेर काढायला लावलंत. प्रश्न माझा चुकीचा होता का, हे तुम्ही आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी बाहेर होते तेव्हा मावशीची साक्ष झाली. ती ताईच्या बाजूनं बोलायला आली होती आणि ढसाढसा रडली म्हणे. "पोरगी गुणाची आहे हो. तिनं एवढ्या दिवसांत त्याच्या ताटाला बोटसुद्धा लावलं नाही." सरकारी वकिलानं लगेच तुमच्याकडे वळून विचारलं, जी बायको नवऱ्याच्या ताटाला हात लावायला घाबरते तिला काहीतरी माहीत असणारच, नाही का? तुम्ही मान हलवलीत. जन्मठेप.

ताईला नेलं आणि आईनं अंथरूण धरलं. मावशी बोचकं घेऊन दारात हजर. "तुझ्या आईजवळ बसते मी." आईनं पडल्या पडल्या चपला फेकल्या तिच्या अंगावर. "माझ्या लेकीला बुडवून आता मला पाणी पाजायला आलीस? चालती हो!" आईनं हे रागानं केलं, तिला कळलं म्हणून नव्हे. त्या रागामुळे आई आज जिवंत आहे.

गल्लीत दुसरं कुणी आजारी नव्हतं तेव्हा. मावशी टेकडीवरच्या बंगल्यात गेली, एका मोठ्या अंमलदाराच्या घरी. तिथली म्हातारी बरी होता होता गेली. मग सून पडली. पण टेकडीवर हिरवं पोट नसतं ना! तिथे कुणी ओकलं की मोठा डॉक्टर येतो, आणि तो पलंगापाशी खुर्ची ओढून बसतो. दोन दिवसांत मावशीला धरलं. दोन दिवसांत, साहेब. आमच्या गल्लीत ती किती वर्षं होती हे तुम्हीच काढा.

तिनं काही लपवलं नाही. तिचाही खटला तुमच्यापुढेच आला, आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगत गेली, नळावर उभी राहून सांगावं तशी. गवंडी नवऱ्यापासून सुरुवात केली. उंदीर मारायची पूड, ती कुठल्याही घरात मिळते. "मला कुणाला मारायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी फक्त बरं होऊ देत नव्हते. बरं झालं की निघावं लागतं. कधी अंदाज चुकायचा." ती घरं सांगायला लागली. कोळसेवाला. नळावरची सासू. पायऱ्यांवरच्या दोघी. आणि मग, "तो घड्याळजी. तो लाघवी होता हो."

मी आईचा हात धरला. झालं, सुटली ताई, असं मी आईच्या कानात म्हणाले. मूर्ख बाई मी.

सरकारी वकील उभा राहिला. "आरोपीनं विचारलेल्या प्रश्नापुरतंच बोलावं. हा खटला बंगल्यातल्या मृत्यूचा आहे." तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे." आणि पेला उचललात.

तिला फाशी झाली बंगल्यासाठी. आमच्या गल्लीतली माणसं तिनं मारलीच नाहीत, असं तुमच्या निकालानं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी फिरायला लागले. सरकारी वकिलाच्या कचेरीत जाऊन बसायची, तो बाहेर निघून जायचा, परत यायची. एक दिवस जिन्यातच गाठला.

"साहेब, माझी बहीण निर्दोष आहे. त्या बाईनं तुमच्यासमोर सांगितलंय."

"तुझ्या बहिणीचा निकाल लागलेला आहे."

"निकाल चुकीचा लागलाय."

"एका माणसाचे दोन खुनी कसे असतील?"

"तेच तर म्हणतेय मी! एकच आहे. ती मावशी. माझ्या बहिणीला सोडा."

तो वैतागला. हातमोजे काढले, परत घातले. "बाई, तुला समजतंय का तू काय मागते आहेस? तुझा घड्याळजी उघडला की कोळसेवाला उघडावा लागेल. मग बाकीचे. सगळ्या गल्लीतली मढी उकरायची? आणि सगळ्यांच्यात सोमल निघाला तर? त्यातलं हिनं कुणाला मारलं आणि..." आणि तो थांबला.

"आणि कारखान्यानं कुणाला मारलं," मी म्हणाले.

"मी तसं म्हणालो नाही," तो म्हणाला आणि भराभर पायऱ्या उतरून गेला.

तसं तो म्हणाला नाही. कुणीच म्हणालं नाही. पण त्या जिन्यात मला पहिल्यांदा नीट समजलं. ताई आत आहे ती दाजींसाठी नाही. मावशीनं मारलेली माणसं मोजायला घेतली तर उरलेली माणसं कुणाच्या नावावर टाकायची, हा प्रश्न येतो. तो येऊ नये म्हणून ताई आत आहे.

मग मी मावशीला भेटायला तुरुंगात गेले. वाटलं होतं, समोर दिसली की थुंकेन. ती गजांपाशी आली, डोळे बारीक करून बघायला लागली आणि म्हणाली, "कोण? अगं तू! बाळ, पोट बरं आहे ना तुझं?"

थुंकी तोंडातच सुकली.

"मावशी, दाजींना तू मारलंस?"

"हो गं. सांगितलं की मी तिथे. त्यांनीच मला पुढे बोलू दिलं नाही."

"ताईचा काही हात नव्हता?"

"तिचा? ती बिचारी तर जवळ फिरकत नव्हती. सगळी चूल माझ्या ताब्यात दिली होती तिनं. अशी चूल मला आयुष्यात कुणी दिली नव्हती." ती खरंच गहिवरली. मग आपल्या कोठडीकडे हात करून म्हणाली, "हे बघ, इथे बरंय. कुणी बरं झालं तरी मला कुणी ऊठ म्हणत नाही."

तुरुंगाचा अधिकारी शेजारीच उभा होता. मी त्याला म्हणाले, "ऐकलंत ना? आता हे तुम्ही न्यायाधीशांना सांगा."

"मी पहारा देतो. ऐकायचं काम माझं नाही."

"कान आहेत ना तुम्हाला?"

"बाई, तोंड सांभाळून. जबानी घ्यायची तर कोर्टाचा हुकूम लागतो."

हुकूम आणायला मी तुमच्या कोर्टात आले. दाराला कुलूप. पहारेकरी सावलीत पाय पसरून बसला होता. "सुट्टी लागलीय कोर्टाला. साहेब हवापालटाला गेले."

"आणि फाशी?"

"फाशी ठरल्या दिवशी. तिला कसली सुट्टी?"

मी त्याच्याशी भांडले. त्याचा काय दोष, तरी भांडले. तुमच्या बंगल्यावर गेले, माळी म्हणाला, साहेब कुठे गेलेत ते सांगायला मनाई आहे. पुन्हा वकिलाकडे गेले, तोही गेलेला. डॉक्टरकडे गेले, त्यानं सवयीनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. गल्लीतल्या बायका माझ्याबरोबर निघाल्या, तर मुकादमानं फाटकात उभं राहून एकेकीकडे नुसतं बघितलं. अर्ध्या परत वळल्या. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? त्यांचीही पोरं घरी असतात. उरलेल्या आम्ही तुरुंगाच्या फाटकाशी दिवसभर उभ्या राहिलो, आणि संध्याकाळी अधिकाऱ्यानं आम्हाला गर्दी करू नका म्हणून हाकललं.

मावशीला फाशी दिली. बाहेर खूप लोक जमले होते, काहींनी मुलं खांद्यावर घेतली होती. चेटकीण मेली म्हणून लोक ओरडले. मी एकटीच असेन जी तिनं आणखी महिनाभर जगावं म्हणून तळमळत होते. ज्या बाईनं माझ्या बहिणीचं घर बुडवलं तिच्या जिवासाठी हात जोडायची पाळी तुम्ही माझ्यावर आणलीत, साहेब.

तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या कारकुनानं मला दोन मिनिटांत वाटेला लावलं. "जिची साक्ष हवी ती हयात नाही. आता काय करणार?" त्याला थोडं वाईटही वाटलं असावं. चहा प्यायला निघाला होता तो.

मग मी ताईला भेटले. तोवर मी तिला काही सांगितलं नव्हतं, सुटकेची आशा लावून ती मोडू नये म्हणून. त्या दिवशी सगळं सांगितलं. मावशी कोर्टात काय म्हणाली, गजांपाशी काय म्हणाली. ताई शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल, ओरडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "मावशी मला वाचवायला तसं म्हणाली असेल गं. तिला मरायचंच होतं, म्हटलं असेल, ह्या पोरीचंही घेऊ आपल्यावर. मायाळूच होती ती."

"ताई, तिनं मारलं दाजींना!"

"तसं असतं तर न्यायाधीशांनी मला सोडलं नसतं का? ते एवढे शिकलेले. त्यांनी ऐकलं ना तिचं सगळं? ऐकूनही मला ठेवलंय, म्हणजे त्यांना माहीत आहे." मग ती हळूच म्हणाली, "माझ्याच हातांनी झालं ते. तू उगाच धावपळ करू नकोस."

मी तिला हलवलं, तिच्यावर ओरडले, पहारेकरणीनं मला मागे ओढलं. काही उपयोग झाला नाही. माझं ती ऐकत नाही. आईचं ऐकत नाही. मेलेल्या बाईचं तर तिला खोटंच वाटतं. तिचा विश्वास फक्त तुमच्यावर आहे. तुम्ही गप्प बसलात म्हणून तिनं धरलंय की तिनंच नवऱ्याला मारलं, आणि हे मनात घेऊन ती आत रोज उठते, काम करते, झोपते.

म्हणून आता मी सुटकेचं नंतर विचारते. वकील, कारकून, माळी, पहारेकरी, सगळ्यांची उत्तरं माझी ऐकून झाली. तुमचं राहिलंय. त्या दिवशी पेला खाली ठेवल्यावर तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? होतं, तर तुरुंगात जा, माझ्या बहिणीसमोर उभे राहा आणि तिनं नवऱ्याला मारलेलं नाही हे तुमच्या तोंडानं तिला सांगा. नव्हतं, तर तेही इथे आमच्या गल्लीत येऊन, सगळ्यांसमोर सांगा. कधी सांगताय?